नोंद चौथी : टॉवेल

मागच्या नोंदीत शर्टाच्या कॉलरी धुऊन झाल्या, आता टॉवेल. घरातले जुने टॉवेल अंग पुसताना नुसते पाणी इकडून तिकडे फिरवत होते. हाताला मऊ, पण टिपायचं नाव नाही. आधी मोजमाप हवं म्हणून वाळलेल्या टॉवेलवर चमच्याने एक थेंब सोडला. पाणी टिपणाऱ्या सुती कापडात तो लगेच जिरतो. माझ्या टॉवेलवर तो गोल होऊन बसून राहिला, मी वीस आकडे मोजले तेव्हा कुठे खाली उतरला.

गुन्हेगार आमचं लाडकं फॅब्रिक सॉफ्टनर. त्यातल्या रेणूंच्या डोक्यावर धन भार असतो आणि ओल्या सुतावर ऋण, त्यामुळे ते धाग्याला घट्ट चिकटतात. त्यांच्या तेलकट शेपट्या बाहेर राहतात. हाताला मऊ लागतं ते त्या शेपट्यांमुळेच, आणि पाणी अडतं तेही त्यांच्यामुळेच. दर धुण्याला एक थर वाढत जातो.

मग काळ्या पाण्याच्या फोटोंसह इंटरनेटवर फिरणारा तो प्रसिद्ध प्रयोग केला : कडक गरम पाणी, धुण्याचा सोडा, बोरॅक्स (टाकणखार), थोडी पावडर आणि पाच तास भिजत. पाणी असं काळपट झालं की फोटो काढून सगळ्यांना पाठवावासा वाटला. पण शंका आली म्हणून दुसऱ्या बादलीत एकदाही न वापरलेला गडद निळा टॉवेल त्याच मिश्रणात घातला. तेही पाणी रंगलं! म्हणजे त्या फोटोंमधला बराचसा ‘मळ’ हा टॉवेलचाच रंग असतो. पांढऱ्या टॉवेलच्या बादलीत जेमतेम राखाडी झाक होती, खरा मळ म्हणायचा तर तेवढाच. रंगीत टॉवेल या प्रकारात मी पुन्हा घालणार नाही.

खरा धडा मात्र नंतर मिळाला. मशीनमधून धुऊन, पिळून निघालेला टॉवेल साध्या पाण्यात खळबळला. फेस आला. चार बादल्या बदलल्या तरी येतच होता. म्हणजे आम्ही इतके दिवस साबणासकटच टॉवेल वाळवत होतो. वाळल्यावर त्यांना कडकपणा यायचा, तो घालवायला सॉफ्टनर, आणि सॉफ्टनरमुळे पाणी टिपेना. आता पावडर निम्मी, सॉफ्टनर बंद, खळबळणं एक फेरी जास्त. दोन धुण्यांनंतर थेंब नवाच्या आकड्याला जिरला, पाचव्या धुण्यानंतर तिनाला. घासणं-चोळणं शून्य.

पांढऱ्या टॉवेलांसाठी सोडियम परकार्बोनेट, म्हणजे क्लोरीन नसलेली ब्लीचची पूड, वापरतोय. पाण्यात पडलं की धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वेगळे होतात, डाग उडवतं ते पेरॉक्साइड. थंड पाण्यात ते रेंगाळतं, ४० ते ६० अंशांत खरं कामाला लागतं. लोकर आणि रेशीम यांना ते दाखवूसुद्धा नका.

आणि हो, माझा एक मूर्खपणा : उरलेलं द्रावण वाया का घालवा म्हणून स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवलं. सकाळी बाटलीचं पोट फुगलेलं, बूड गोल होऊन ती मोरीत आडवी पडलेली. आतून ऑक्सिजन सुटत राहतो आणि त्याला वाट नसते. झाकण हळूच सैल केलं तर मिनिटभर फुस्स चाललं होतं. लागेल तेवढंच कालवा, उरलं तर ओतून द्या.

मागच्या वेळी कोणीतरी बनियनच्या काखेतले पिवळे डाग कसे घालवायचे, असं विचारलं होतं. क्लोरीनच्या ब्लीचने माझे डाग आणखी गडद झाले. घाम रोखणाऱ्या प्रसाधनांत ॲल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामाशी मिळून कापडात बसतात. मी आधी सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात तासभर ठेवून, स्वच्छ धुऊन, मग परकार्बोनेटमध्ये घातले. तीनपैकी दोन बनियन सुधारले. ॲसिड आणि क्लोरीनचं ब्लीच मात्र एका बादलीत कधीही नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो. ॲसिडला ब्लीचच्या बाटलीशेजारीसुद्धा जागा नको, मी ते वेगळ्या फळीवर हलवलंय.

तिसरा बनियन फळीखालच्या बादलीत आहे. डाग दोन दिवसांत तसूभरही हललेला नाही, उलट बगलेची शिवण उसवायला लागलीय.