नोंदी होत्या, तक्ता नव्हता

ठाण्याच्या एका ग्रंथालयाच्या सूचीचे काम आमच्या महाप्याच्या कार्यालयात आले, तेव्हा ते तासाभराचे वाटले होते. ग्रंथालयाच्या प्रणालीतून मार्क-एक्सएमएल या ग्रंथालयीन नोंदींच्या प्रमाणित स्वरूपात निर्यात होणाऱ्या नोंदींना तक्त्याचे रूप देणारी एक्सएसएलटी स्टाइलशीट आधीपासून वापरात होती. प्रणाली नुकतीच अद्ययावत झाल्याने ती नव्या फाइलींना जोडून द्यायची, एवढेच काम होते.

ब्राउझरमध्ये फाइल उघडली, तर तक्ता नव्हताच. शीर्षक, लेखक, प्रकाशक, आयएसबीएन असा सगळा मजकूर सलग आला होता आणि प्रत्येक नोंदीच्या आरंभी लीडरची, म्हणजे नोंदीविषयीच्या सांकेतिक माहितीची, २४ अक्षरे होती. त्रुटीचा संदेश मात्र कोठेही नव्हता. एक्सएसएलटीचा हा स्वभाव मला आजही खटकतो: घटकाला लागू पडणारा टेम्पलेट, म्हणजे तो कसा दाखवायचा हे सांगणारा नियम, सापडला नाही, तरी ती अडत नाही की तक्रार करत नाही; अंगभूत नियमांनुसार आतला मजकूर तेवढा बाहेर टाकते.

जुनी आणि नवी निर्यात शेजारी ठेवल्यावर फरक मूळ घटकातच दिसला. नव्या आवृत्तीने तेथे लायब्ररी ऑफ काँग्रेसची मार्क २१ची नेमस्पेस, म्हणजे घटकांची नावे कोणत्या संचातली हे सांगणारी ओळख, घोषित केली होती. घटक शोधण्यासाठी स्टाइलशीट वापरते त्या एक्सपाथ १.० या भाषेत उपसर्गाविना लिहिलेले नाव नेमस्पेस नसलेल्या घटकालाच लागू पडते, त्यामुळे डोळ्यांना तेच दिसणारे 'रेकॉर्ड' प्रोसेसरच्या लेखी परके ठरले होते. स्टाइलशीटमध्ये ती नेमस्पेस घोषित करून प्रत्येक पाथला उपसर्ग लावताच मार्कच्या २४५ क्रमांकाच्या क्षेत्रातील शीर्षके आणि १०० मधील लेखक आपापल्या रकान्यांत बसले. ब्राउझरांत अजूनही एक्सएसएलटीची १९९९ची १.० आवृत्तीच चालते, आणि क्रोमने तर तो आधारही काढून घेण्याचे जाहीर केले आहे. म्हणून रूपांतर सर्व्हरवरच करून तयार एचटीएमएल द्यायचे ठरले.

पाने पाहून ग्रंथपाल बाईंचा फोन आला, "सर, ज्ञानेश्वरी 'ज'मध्ये कशी हो गेली?"

प्रश्न रास्त होता. युनिकोडच्या लेखी 'ज्ञ' म्हणजे ज, हलन्त आणि ञ. 'क्ष' तसाच क मध्ये जातो आणि 'ळ' ल च्या मागोमाग येतो. मराठी वर्णमालेत मात्र ही तिन्ही अक्षरे ह नंतरची. त्यांच्या जागी ह च्या पुढची चिन्हे बसवून क्रमवारीपुरती वेगळी चावी तयार करणारा एक पुनरावर्ती, म्हणजे स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारा, टेम्पलेट लिहिला. ज्ञानेश्वरी शेवटच्या पानावर गेल्याची खात्री केल्यावरच बाईंनी नियतकालिकांच्या नोंदी पाठवल्या. त्यांत १०० हे क्षेत्रच नव्हते.