मनपा शाळेत रोबोटिक्सचा तास मिळवताना : माझा अनुभव

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कंट्रोल पॅनलचं काम करतो. आमच्या कामगारांची पोरं सातपूरच्या ज्या मनपा शाळेत जातात तिथे रोबोटिक्स सुरू करायचंच हे डोक्यात बसलं होतं, कारण ज्यांना फी परवडते ती मुलं क्लासला जाऊन रोबो बनवतात आणि आमच्या पोरांनी तो फक्त मोबाईलवर बघायचा, हे मला पटतच नाही.

आधी अटल टिंकरिंग लॅबची चौकशी केली, शाळेत मुलांना हाताने वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा देणारी केंद्राची योजना आहे, 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं, पण जागा मोठी लागते आणि इथे वर्गच जेमतेम. मग छोटंच धरलं, आर्डुइनो बोर्ड (प्रोग्रॅम भरून सेन्सर, मोटर चालवता येणारं छोटं सर्किट), थोडे सेन्सर आणि शाळेतले जुने कॉम्प्युटर. स्क्रॅच, म्हणजे चित्रांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि एकदा इन्स्टॉल केलं की नेट लागत नाही, हे फार कामाचं.

अर्ज, परवानगी वगैरे झालं. खरा प्रश्न वेळेचा होता. शाळा म्हणे सुटल्यावर घ्या. अहो पण सुटल्यावर थांबणार कोण, पोरं थांबतील, पोरींना धाकट्या भावंडांना घेऊन घरी पळायचं असतं! तास वेळापत्रकातच हवा असं मी धरून बसलो. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला, त्या आयांनीच मीटिंगमध्ये विषय लावून धरला. एक ताई म्हणाल्या, "दादा, सुटल्यावर ठेवलं तर माझी पोरगी येणारच नाही." ठराव झाला, शनिवारचा कार्यानुभवाचा तास मिळाला.

किट दोघांत एकच देतो, आणि वायरिंग कोण, माऊस कोण हे दर तासाला बदलायचं, नाहीतर एकच जण सगळं करतो आणि दुसरा नुसता बघतो.

सातवीतल्या एका पोरीने पाण्याच्या ड्रमचा अलार्म केला, नळ पहाटे येतो म्हणून. झाकणाला अल्ट्रासॉनिक सेन्सर, आवाज पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर, ठरलेल्यापेक्षा कमी झालं की बझर. 2 सेंटिमीटरच्या आत तो सेन्सर नीट मोजत नाही, म्हणून बझर आधीच वाजवायचा हे तिने स्वतः पट्टी लावून शोधलं. मला जाम भारी वाटलं.

तुमच्याकडे करायचं असेल तर अर्ज जूनच्या आधीच द्या, वेळापत्रक एकदा लागलं की मधे तास मिळणं अवघड.