महूच्या मागचा उपग्रह

तळोद्यात माझं टीव्ही आणि डिश दुरुस्तीचं दुकान आहे. छत्री बसवायची, दिशा लावायची, वायर ओढायची, हे रोजचं काम. 2020 च्या जुलैत धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या गुरुजींचा फोन आला. फोन लावण्यासाठी ते डोंगराच्या सोंडेवर चढून आले होते, कारण खाली पाड्यावर रेंज नाही. शाळा मार्चपासून बंद. सगळीकडे ऑनलाइन वर्गांची चर्चा, आणि यांच्याकडे साधा मिस्ड कॉल लागायची मारामार. 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी मराठीतून रोजचे पाठ सुरू झाले होते. तेवढे तरी आपल्या मुलांना दिसावेत, एवढीच गुरुजींची इच्छा. त्यांनी पदरच्या पैशांनी 12 व्होल्टवर चालणारा छोटा टीव्ही आणला होता. लाइट भरवशाची नाही म्हणून सोलरची पाटी आणि बॅटरीही जमवली होती.

"सगळं आहे भाऊ, चित्र येत नाही," ते म्हणाले.

का येत नाही ते मला फोनवरच कळलं. त्यांच्या मुंबईतल्या भाच्याने त्यांना टी-टू बॉक्स आणि खिडकीत लावायचा अँटेना दिला होता. भाच्याच्या खोलीत तो छान चालायचा, महिन्याचा एक रुपया न भरता. पण तो बॉक्स जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणारं डिजिटल प्रसारण पकडतो, आणि दूरदर्शनने ते प्रसारण 2016 मध्ये देशातल्या 16 शहरांत सुरू केलं. त्यात मुंबई होती, औरंगाबाद होतं, इंदूर होतं, अहमदाबाद होतं. खानदेशाच्या चहूबाजूंनी मनोरे आणि मधला खानदेश कोरडा! अशा मनोऱ्याचा आवाका मोजका, त्यातही मध्ये डोंगर आला की त्याची सावली पडते. सातपुड्याच्या पोटातल्या पाड्यावर तो बॉक्स कितीही फिरवा, काही लागणार नाही.

मग राहिलं आकाशातलं. खाजगी डीटीएच तेव्हा नको म्हणालो आणि आजही अशा ठिकाणी नकोच म्हणतो. 2019 च्या दरांप्रमाणे नुसतं जोडणीचं भाडंच महिन्याला 130 रुपये आणि वर कर, म्हणजे 153 रुपयांच्या पुढे. वर्षाचे अठराशे झाले. रिचार्ज करायला पुन्हा रेंज हवी, ती शोधत डोंगर चढायचा. शाळेसाठी हा खर्च कोणत्या कागदावर दाखवायचा? गुरुजींना म्हणालो, दूरदर्शनची फ्री डिश लावू. छत्री, बॉक्स, वायर मिळून दीड-दोन हजारांत एकदाच काय तो खर्च, नंतर काही नाही. डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली हीच ती सेवा. इतक्या वर्षांत तिने महिन्याचे पैसे मागितलेले नाहीत. सह्याद्री तर तिच्यावर आहेच.

चांदसैली घाटात पावसाने दरडीची माती रस्त्यावर आली होती. मोटारसायकलवर मागे छत्री बांधून मी निघालो. साध्या 60 सेंटिमीटरच्या ऐवजी मुद्दाम 90 ची घेतली होती. उपग्रहाकडून येणारा केयू बँडचा सिग्नल पावसात कमी होतो, चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो. 90 ची छत्री 60 च्या सव्वादोन पट सिग्नल गोळा करते, आणि सातपुड्याच्या पावसात ते सव्वादोन पट फार उपयोगी पडतं.

शाळा म्हणजे दोन खोल्या आणि ओसरी. अंतर ठेवून बसलेली मुलं, तोंडाला आईच्या ओढणीचे तुकडे बांधलेले. मी ओसरीच्या कोपऱ्यावर पाइप रोवला, छत्री आग्नेयेला वळवली. आपल्या भागातून फ्री डिशचा उपग्रह, जीसॅट-15, बरोबर आग्नेयेलाच सापडतो. तो विषुववृत्तावर 93.5 अंश पूर्वेला, 36 हजार किलोमीटर वर उभा आहे, आणि आपण खूप पश्चिमेला. नवीन पोरं छत्रीचं तोंड बघून फसतात. या छत्र्या ऑफसेट असतात, त्यामुळे त्या समोर क्षितिजाकडे बघतायत असं वाटतं, खरं तर सिग्नल बराच वरून घेतात. शिवाय एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा, सरळ ठेवून चालत नाही, तोही चाळीसेक अंश तिरपा फिरवावा लागतो. हे सगळं केलं. बॉक्सवर स्ट्रेंथची पट्टी वर, क्वालिटी शून्य. स्ट्रेंथ म्हणजे फक्त एलएनबीला वीज मिळते आहे. क्वालिटी हलली तरच उपग्रह सापडला म्हणायचं.

गुरुजी मूळचे साक्रीकडचे, अहिराणी बोलणारे. टीव्हीसमोर उभे राहून आतून विचारत होते, "उनं का भाऊ?" म्हणजे आलं का. मी बाहेरून, "थांबा." डावीकडे एक केसभर, उजवीकडे केसभर, वर, खाली. दुपार झाली तरी क्वालिटी शून्यच.

मग मी छत्री सोडली आणि आग्नेयेला नुसता बघत बसलो. शाळेच्या त्या बाजूला डोंगराचा उभा उतार सुरू होत होता आणि उतारावर एक प्रचंड महू, म्हणजे मोहाचं झाड. सिग्नल थेट डोळ्यांच्या रेषेत यावा लागतो. मध्ये पावसाने भिजलेलं एवढं मोठं झाड असेल तर संपलं. पण झाड खरोखर आड येतंय की माझीच दिशा चुकतेय, हे ठरवायचं कसं? माझ्याकडे महागडा मीटर नव्हता.

"कंपासपेटी आहे का कुणाकडे?" मी विचारलं.

सातवीतल्या एका मुलीने पळत जाऊन घरून आणली. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधला, दोऱ्याला खडा. कोनमापकाची सरळ कड डोळ्याला लावायची, तिच्यावरून महूचा शेंडा नेमका धरायचा, आणि दोरा कुठल्या आकड्यावर लोंबतो ते दुसऱ्याने वाचायचं. गुरुजींनी ते माझ्या हातातून घेतलं आणि त्या क्षणापासून ती माझी दुरुस्ती राहिली नाही, त्यांचा वर्ग झाला. चार महिने शाळा नव्हती. मुलं ओसरीवरून अशी सरसावली की अंतर राखायला गुरुजींना ओरडावं लागलं. त्यांची घरची भाषा पावरी, गुरुजी अर्धं मराठीत, अर्धं पावरीत समजावत होते.

दोरा 28 वर थांबला. नव्वदातून अठ्ठावीस गेले, बासष्ट. म्हणजे महूचा शेंडा 62 अंशांवर. आणि उपग्रह तिथून साधारण 56 अंशांवर असतो. मी जमिनीवर काडीने काढून दाखवलं: उपग्रह झाडाच्या मागे लपलाय.

एक मोठा मुलगा लगेच म्हणाला, फांदी तोडू. तिथे उभे असलेले एक आजोबा काही बोलले, मला भाषा कळली नाही पण नकार कळला. गुरुजींनी सांगितलं, हा महू दोन घरांचा आहे, फुलं वेचून त्यांचे चार पैसे होतात. मलाही तोडायचा नव्हताच. झाडापासून मागे सरकलं की शेंड्याचा कोन आपोआप कमी होतो, एवढी गोष्ट होती. मी ती सांगितली नाही. गुरुजींनीच विचारलं, "आपण मागे गेलो तर?" मग सगळी वरात शाळेच्या मागे, हापशाच्या दिशेने. दर काही पावलांवर थांबायचं, शेंडा धरायचा, दोरा वाचायचा. हापशाजवळ दोरा 44 वर आला. शेंडा 46 अंशांवर. त्याच्या वर दहा अंश मोकळं आकाश.

पाइप उपटून हापशाजवळ रोवला. मी आणलेली वायर जेमतेम पुरली. लांब वायरीत सिग्नल थोडा गळतो, पण 90 च्या छत्रीपुढे त्याची काळजी नव्हती. दिशा पुन्हा आग्नेय, तीच उंची, तोच एलएनबीचा तिरपेपणा. या वेळी क्वालिटीची पट्टी एकदम उसळली आणि आतून गुरुजींचा आवाज आला, "उनं, उनं!" मी चॅनल स्कॅन लावला. नावं भराभर खाली उतरायला लागली, त्यात सह्याद्री आली.

त्या वेळी पाठ चालू नव्हता, तो सकाळी होऊन गेला होता. सह्याद्रीवर काहीतरी गाण्यांचा कार्यक्रम होता. मुलं तोच बघत बसली. मी रिमोटने पुढे जाऊन शिक्षणाच्या वाहिन्याही दाखवल्या. त्या वर्षी पहिली ते बारावी, प्रत्येक इयत्तेला एक अशा बारा शैक्षणिक वाहिन्यांची घोषणा झाली होती. त्यातलं पुष्कळसं हिंदी-इंग्रजी, पावरीभाषक पोराला ते किती उमजणार हे गुरुजींनी तिथेच बोलून दाखवलं. मलाही ते पटलं. तरी मराठीतले पाठ रोज पाड्यावर दिसणं, तेही फुकट, हे त्या वर्षी त्या पाड्यासाठी फार मोठं होतं. मी मजुरी घेतली नाही. वायर आणि छत्रीचे पैसे गुरुजींनी हट्टाने दिले.

संध्याकाळी निघताना जोराचा पाऊस आला. मी मुद्दाम थांबून बघितलं. सरीच्या ऐन जोरात चित्र दोनदा अडखळलं आणि परत उभं राहिलं. 60 ची छत्री असती तर अर्धा तास काळा पडदा बघावा लागला असता.

त्यानंतर त्या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांनी फ्री डिश लावली, आणि त्यामागचं खरं कारण मला नंतर उमगलं. ही माणसं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात. घराला कुलूप. खाजगी डीटीएचचं भरलेलं पॅक घरातल्या घरात संपून जातं, परत आल्यावर पुन्हा पैसे. फ्री डिशचा बॉक्स मात्र कितीही महिन्यांनी लावा, चालू होतो. ज्याची कमाई हंगामाची आहे त्याच्या गळ्यात महिन्याचं भाडं घालणं मला कधीच बरोबर वाटलं नाही.

एक तक्रार मात्र आहे आणि ती मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. खाजगी वाहिन्यांना या सेवेवरच्या जागा लिलावाने मिळतात, आणि 1 एप्रिलच्या सुमाराला वाहिन्यांची उलथापालथ होते. 2019 च्या मार्चमध्ये, आणि पुन्हा 2022 च्या एप्रिलमध्ये, लोकांच्या आवडीच्या मोठ्या हिंदी वाहिन्या एका रात्रीत निघून गेल्या. माणसं ऊसतोडीवरून परततात ती नेमकी त्याच सुमाराला, आणि समजतात की बॉक्स बिघडला. बॉक्स चांगला असतो, फक्त पुन्हा स्कॅन करायचा असतो. हे दूरदर्शनने गावोगाव नीट सांगायला हवं. मराठी वाहिन्यांची संख्याही या सेवेवर कमी पडते. राज्य एवढं मोठं, आणि पैसे न भरता टीव्ही बघणारा माणूस इथे बहुतेक खेड्यातलाच.

त्या मुलीने, कंपासपेटीवालीने, स्कॅन करायचं तेव्हाच शिकून घेतलं होतं. पुढे आजूबाजूच्या पाड्यांवरचे बॉक्स तीच लावून द्यायला लागली. मधे मी त्या बाजूला गेलो तर एका घरावर मी न बसवलेली छत्री दिसली. विचारलं तर तिचं नाव सांगितलं. दिशा आग्नेयेला अचूक, उंची बरोबर, समोर आकाश मोकळं. फक्त एलएनबी सरळ राहिला होता, म्हणून काही वाहिन्या अडखळत होत्या. तिला बोलावून घेतलं, चाळीस अंश कसे मोजायचे ते दाखवलं, आणि स्क्रू तिलाच आवळायला दिला.