तपोवनने नाशिक, दिवसात दोन वाइनऱ्या

वाइनरी बघायला मुंबईहून निघायचं ते जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला. वेलींची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि तोडणी चार-पाच महिन्यांनी येते. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार असतात, पण वेलीवर माल नसतो आणि क्रशर धुऊन झाकून ठेवलेला असतो. २६ जानेवारी टाळायची, ड्राय डे असतो.

आम्ही सीएसएमटीहून सकाळची तपोवन एक्स्प्रेस धरली. नाशिकरोडहून गंगापूर धरणाकडचे सुला, यॉर्क या वाइनऱ्या वीसेक किलोमीटरवर. तिथून परतायला रिक्षा सहज मिळत नाही, म्हणून टॅक्सी दिवसभरासाठीच ठरवली. स्वतःची गाडी नेलीत तर परतताना कसारा घाट वाइन न चाखलेल्या माणसाने उतरवायचा.

‘जुनी, पारंपरिक वाइनरी’ शोधत गेलात तर निराशा होईल. सुलाची पहिली वाइन बाजारात आली ती २००० साली. दगडी कमानी दिसल्या तरी त्या सजावटीच्या. परंपरा असते ती पद्धतीत, आणि ती स्टीलच्या टाक्यांशेजारीच नांदते.

आधी बाग बघा. खायची द्राक्षं मांडवावर असतात, वाइनची तारांवर, उभ्या भिंतीसारखी. मणी लहान, साल जाड, आत बी. साखर २२-२४ ब्रिक्सला (रसात शेकडा तितकी साखर) आली की पहाटेच्या गारव्यात तोडणी होते. दुपारी तोडलेला माल क्रेटमध्येच आंबायला लागतो. व्हाइटसाठी लगेच दाबून रस काढतात, गाळ बसवतात, यीस्ट घालतात आणि टाकी १२ ते १६ अंशांवर धरतात. टाकीभोवतीच्या जॅकेटमधून थंड पाणी फिरतं, तिथे हात लावून बघा. तापमान चढलं तर सुगंध उडून जातो. यीस्टला नायट्रोजन कमी पडला तर सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. रेड मात्र सालींसकट, २५ अंशांच्या आसपास आंबते. साली वर तरंगून थर धरतात. तो दिवसातून दोन-तीनदा मोडावा लागतो, नाहीतर रंग उतरत नाही आणि वरच्या वर व्हिनेगर होतं. टाकीच्या तोंडाशी वाकून बघू नका, तिथे कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो.

सगळ्यात जास्त वेळ स्पार्कलिंगच्या, म्हणजे फेसाळत्या वाइनच्या, खोलीत द्यावा. तयार वाइनमध्ये लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली झाकणबंद करतात. ती आतच पुन्हा आंबते आणि दाब सहा बारपर्यंत जातो, मोटारीच्या टायरच्या अडीच पट. मग गाळ झाकणाशी आणायचा. जुन्या रीतीत बाटल्या तिरक्या लाकडी फळ्यांत तोंड खाली करून खोचतात. माणूस रोज प्रत्येक बाटली किंचित फिरवतो आणि किंचित उभी करतो. याला महिना-दीड महिना लागतो. यंत्राचा पिंजरा हेच काम आठवड्याभरात उरकतो आणि चवीत फरक कळत नाही. शेवटी बाटलीची मान गोठवून झाकण काढतात, गोठलेला गाळ दाबानेच उडतो. हे दाखवणार का, हे बुकिंग करतानाच विचारा. आम्ही न विचारता गेलो, तर एका ठिकाणी नुसती रिकामी फळी दाखवली.

पिंपाची खोली पाच मिनिटांत होते. ओकच्या पिंपात २२५ लिटर, म्हणजे ३०० बाटल्या. लाकडातून वाइन उडते, म्हणून वरून भरत राहायचं. हवेला जागा मिळाली की वाइन बिघडते.

चाखताना क्रम स्पार्कलिंग, व्हाइट, रोझे, रेड, शेवटी गोड. ३० मिलीचे सहा घोट म्हणजे भरलेल्या ग्लासापेक्षा जास्तच होतात. म्हणून थुंकायचं भांडं मागा, संकोच नको. अत्तर लावून जाऊ नका.

घेतलेल्या बाटल्या टॅक्सीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात बूच वर सरकतं आणि वाइन शिजते. बिल सोबत ठेवा. आणि रेड ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची म्हणतात ते मुंबईतल्या तीस अंशांना लागू नाही, उघडण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.