प्लेग अल्बम: गिटार, बेस, आवाज झाले, मिक्स निम्म्यावर

गेल्या वेळी गिटारपाशी थांबलो होतो. आता सातही गाण्यांचं रेकॉर्डिंग हातावेगळं झालंय, मिक्स निम्म्यावर आलाय आणि कॅसेट काढायचं नक्की झालंय. नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: पुण्यातल्या 1897 च्या प्लेगवरचा मराठी डेथ मेटल (घशातल्या गुरगुरीचं, अतिजड मेटल) अल्बम, दोघांचा बँड, गिटारचा टोन शक्य तितका जुन्या स्टॉकहोमच्या बँडसारखा.

स्टॉकहोम म्हटलं की एचएम-2 हे गिटारचं डिस्टॉर्शन पेडल (आवाज फाडणारी पायातली डबी) आलंच. बॉसने हे पेडल 1983 ते 1991 या काळात बनवलं. सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबर्गने रेकॉर्ड केलेल्या एंटुम्ब्ड या तिथल्या बँडच्या पहिल्या अल्बमवर (1990) हेच पेडल आहे, चारही नॉब उजवीकडे टोकाला. चेनसॉ टोन म्हणतात तो हा. जुन्या जपानी पेडलच्या किमती बघून मी गप्प बसलो आणि त्याचंच 2020 ला आलेलं नवं रूप, वाझा, घेतलं. कोरी डीआय (पेडलशिवाय थेट केबलमधून घेतलेली गिटार) आधी रेकॉर्ड केली, मग रीअँप बॉक्समधून (रेकॉर्डिंग परत बाहेर पाठवणारी डबी) पेडलला दिली. रात्री दीड वाजता रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) वाजवा, आवाजाचं दिवसा बघू. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला याहून सोयीची पद्धत नाही.

या महिन्याचं खरं काम मात्र बेस गिटारने खाल्लं. हे पेडल दोन ठिकाणी फुगतं, खाली 100 हर्ट्झच्या आसपास आणि वर 1 किलोहर्ट्झच्या आसपास. वरचं फुगणं म्हणजे तो करकरीतपणा, तो हवाच आहे. खालचं फुगणं एकट्या गिटारवर ऐकताना अंगावर काटा आणतं, पण आमचं ट्यूनिंग बी, म्हणजे जाड तारेचा मूळ सूर जवळपास 62 हर्ट्झ. डावी-उजवी मिळून दोन गिटार, त्याखाली बेस, त्यात डबल बास किक (दोन्ही पायांनी वाजवायचा मोठा ड्रम). सगळे एकाच खोलीत घुसले की कुणालाच हलता येत नाही. म्हणून गिटार 90 हर्ट्झच्या खाली सरळ कापल्या. बेसचे दोन ट्रॅक केले: 200 च्या खालचा स्वच्छ आणि दाबून कॉम्प्रेस केलेला, वरचा दुसऱ्या डिस्टॉर्शनमधून घाण केलेला. आता गिटार एकटीच लावून ऐकली तर केविलवाणी वाटते. ऐकूच नका. सगळं एकत्र लावलं की जो जडपणा गिटारचा वाटतो, तो निम्म्याहून अधिक बेसचा असतो. 'बेस ऐकूच येत नाही, कशाला एवढा जीव काढायचा' म्हणणाऱ्या गिटारिस्टांनी बेस म्यूट करून बघावा.

किकचंही गणित मांडून बघण्यासारखं आहे. 200 बीपीएमला (मिनिटाला 200 मात्रा) सोळाव्या मात्रांची, म्हणजे मात्रेला चार ठोक्यांची, डबल बास म्हणजे मिनिटाला 800 ठोके, दोन ठोक्यांत 75 मिलिसेकंद. 60 हर्ट्झच्या एका लाटेलाच जवळपास 17 मिलिसेकंद लागतात. म्हणजे पुढचा ठोका येईपर्यंत जेमतेम साडेचार लाटा. किकची शेपटी (ठोक्यानंतर रेंगाळणारा आवाज) लांब ठेवली की ठोके एकमेकांत मिसळून नुसती घरघर उरते. वेगवान भागांत शेपटी आखूड केली, क्लिक (ठोक्याच्या सुरुवातीचा टक् आवाज) थोडा वाढवला. संथ भागांत तीच किक मोकळी सोडली. आमच्या ड्रमरला क्लिक अजिबात आवडत नाही. "टाइपरायटर झालाय रे," म्हणाला. वाद चालू आहे. इलेक्ट्रॉनिक किटवर वाजवलेलं असल्याने नंतरही बदलता येईल. वेळ मात्र ग्रिडला (कॉम्प्युटरच्या काटेकोर तालाला) चिकटवलेली नाही, ब्लास्ट बीट (किक-स्नेअरचा अतिवेगवान मारा) जरासा पुढे धावतो तो तसाच ठेवलाय.

आवाज कपाटात रेकॉर्ड केला, दारावर दोन गोधड्या. तरी शेजारच्या काकूंनी बेल वाजवून विचारलंच, "अरे, बरं नाहीये का तुला? काढा करून देऊ?" काढा घेतला. ग्रोलला, म्हणजे घशातल्या गुरगुरीला, मराठी फार चांगली साथ देते; ख, घ, ठ, ढ घशातून आपोआप फुटतात. त्रास 'ई'चा. ओळीच्या शेवटी दीर्घ ई आली की आवाज चिरकतो, म्हणून शक्य तिथे ओळी फिरवून 'आ' किंवा 'ओ'वर संपवल्या.

शब्दांबद्दल. 22 जून 1897 ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, हे शाळेपासून सगळ्यांना पाठ असतं. मला त्याआधीचे महिने हवे होते: घरात उंदीर मरून पडला की घर सोडायची धावपळ, सोजिरांच्या झडत्या, ताटातूट. रँड फक्त शेवटच्या गाण्यात येतो, तोही नाव न घेता. पाचवा ट्रॅक 10 मार्चवर आहे. त्या दिवशी रुग्णांची सेवा करता करता प्लेग होऊन सावित्रीबाई गेल्या. तिथे ग्रोल लावायला मन धजेना, म्हणून शब्दच नाहीत. संथ, जड डूम मेटलचा रिफ, बास्स.

लांबी 29 मिनिटांच्या आत बसवतोय. स्लेयर बँडचा 'रेन इन ब्लड' (1986) साधारण एवढाच, आणि त्याच्या कॅसेटवर दोन्ही बाजूंना अख्खा अल्बम होता. आम्हीही तेच करणार, सी-60 (दर बाजूला 30 मिनिटांची कॅसेट) घेऊन. रिवाइंडची कटकट नाही. व्हिनाइलचा विषय खर्चामुळे मिटला.

मास्टर (मिक्सवरून बनणाऱ्या अंतिम प्रती) दोन होतील. स्ट्रीमिंगवाले बहुतेक −14 एलयूएफएसच्या (आवाजाचा एकूण जोर मोजायचं एकक) आसपास आणून ठेवतात, त्यामुळे ठोकून ठोकून −6 ला नेण्यात काही अर्थ नाही. −9 वर थांबेन. टेपसाठी वेगळा, वरच्या फ्रिक्वेन्सी जरा आवरलेल्या, कारण टेप जोरात भरली की तिथेच आधी दबते. डिजिटल बँडकँप या संगीत विकायच्या साइटवर, तेही बँडकँप फ्रायडेला, त्या दिवशी ते आपला वाटा सोडतात. तिथले पैसे पेपॅलमार्फत येतात, आणि पेपॅलची भारतातली देशांतर्गत सेवा एप्रिल 2021 पासून बंद आहे, तेव्हा इथल्या लोकांनी कॅसेटसाठी मला मेसेज करावा, यूपीआयने घेईन.

तिसऱ्या गाण्याचा कच्चा मिक्स मागेल त्याला पाठवतो. गाडीत आणि स्वस्त इअरफोनवर ऐका, आणि एवढंच सांगा: 1:40 च्या ब्लास्टमध्ये स्नेअर बुडतोय का? माझे कान आता त्याला सरावलेत.