मेल्यावर ऐकू आलेली गुरगुर

"ती आवाज न करता येते. मी मेल्यावर ती गुरगुरते."

आमच्या गेमच्या बंद चाचणीतल्या एका खेळाडूने एवढीच तक्रार पाठवली होती. सोबत त्या खेळीचा सीड, म्हणजे नकाशा ठरवणारा आकडा, आणि मरताना हातात असलेल्या शस्त्रांची यादी. तक्रारी नोंदवायच्या ट्रॅकरवर तिच्यापुढे 'पुन्हा घडवता आली नाही' असा शेरा पडला होता आणि संध्याकाळच्या मीटिंगमध्ये ती बंद व्हायची होती.

मी पुण्यात एका छोट्या गेम स्टुडिओत टेस्टर आहे. तेव्हा आम्ही एका हॉरर रोगलाईक शूटरवर काम करत होतो. रोगलाईक म्हणजे १९८० च्या 'रोग' या गेमच्या वळणाचा खेळ: दर वेळी नकाशा नवा, आणि मेलात की पहिल्यापासून सुरुवात. एडमंड मॅकमिलन आणि फ्लोरियन हिम्सल यांच्या 'द बाइंडिंग ऑफ आयझॅक'ने २०११ मध्ये या साच्यात गोळीबार घातला आणि अंगावर काटा आणणारं तळघर घातलं. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'ने पुढे राक्षसांनी पडदा गच्च भरून दाखवला. आमचा खेळ या दोन्हींच्या मधला म्हणता येईल. एक बंद पडलेलं रुग्णालय, वरून दिसणारे मजले, सगळा अंधार, आणि तुमच्या टॉर्चचा झोत पडेल तेवढंच दिसणार. शेवटच्या मजल्यांवर चहूबाजूंनी झुंडी येतात.

अशा खेळात माणूस पाऊण तास जिवाचं रान करून वर चढतो आणि एका क्षणात सगळं जातं. तरी तो पुन्हा खेळायला बसतो, कारण मरताना त्याला मनातून पटलेलं असतं की चूक माझी होती, मी वळायला हवं होतं, मी लोभ केला. हे पटणं गेलं की खेळ गेला. घाबरलेला खेळाडू परत येतो, फसवला गेलेला येत नाही. म्हणून 'अन्याय झाला' असं कुणी लिहिलं की मी ते बाजूला टाकू शकत नाही. शंभरातल्या नव्वद वेळा तो राग असतो, तरीही नाही.

तक्रार ज्या राक्षसिणीबद्दल होती तिला आम्ही ऑफिसात 'मागची' म्हणायचो. ती नेहमी झोताबाहेरून येते, पाठीमागून. एका फटक्यात बहुतेक सगळा जीव नेते. पण येण्याआधी साधारण दीड सेकंद गुरगुरते, आणि कुठल्या कानात गुरगुर आली त्यावरून कुठे वळायचं ते कळतं. खेळाडूच्या हातात तेवढं एकच असतं.

ती गुरगुर आमच्या साउंड डिझायनरने केलेली. तिच्या आजोळी जुना पाटा-वरवंटा आहे. पाटा ओला करून त्यावरून वरवंटा अगदी सावकाश, वजन न टाकता ओढायचा. दगडाला दगड घासला जातो पण मध्ये पाण्याचा पडदा असतो, त्यामुळे आवाज खरखरीत निघत नाही, ओला आणि जड निघतो. तो तिने दोन सप्तकं खाली आणला, त्याखाली स्वतःचा आत ओढलेला श्वास घातला, आणि सगळं मिळून मुद्दाम बारीक ठेवलं. पहिल्यांदा हेडफोनवर ऐकलं तेव्हा मी खरोखर मागे वळून पाहिलं होतं.

तक्रारीवर रीतसर चाचणी झालेलीच होती. गेममध्येच आमची चाचणीची एक रिकामी खोली आहे, तिथे हवा तो राक्षस बोलावता येतो. मागचीला बोलावलं की ती दर वेळी गुरगुरायची. प्रोग्रामरने लॉग, म्हणजे गेमने ठेवलेल्या नोंदी, काढून दाखवले, त्या खेळाडूच्या खेळीतसुद्धा आवाज सुरू करण्याची आज्ञा वेळेवर गेलेली होती. गेम डिझायनरचं म्हणणं होतं की शेवटच्या मजल्यावर माणूस इतका गडबडलेला असतो की कानावर पडलेलंही त्याला ऐकू येत नाही. हे म्हणणं अजिबात चुकीचं नव्हतं. असं होतं, आणि पुष्कळदा होतं.

मला अडवत होतं ते दुसरं वाक्य. मेल्यावर गुरगुरते. गडबडीत आवाज सुटला, हे समजू शकतं. पण नसलेला आवाज कसा ऐकू येईल?

साउंडवाल्या मैत्रिणीला विचारलं, "मरणाच्या स्क्रीनवर गुरगुर टाकली आहेस का गं?"

"नाही. तिथे फक्त हृदयाचा ठोका आहे, तोही एकच."

सीड टाकून तोच नकाशा मी उभा केला. त्या एका आकड्यातून सगळ्या खोल्या, दारं, पेट्या ठरतात. तोच सीड दिला की तेच रुग्णालय पुन्हा उभं राहतं. लढाई मात्र परत येत नाही. खेळाडू कुठे उभा होता, कधी वळला, कुठली बंदूक घेतली, हे सीडमध्ये नसतं. म्हणून त्याने दिलेली शस्त्रांची यादी मी नीट वाचली. सहा नळ्यांची शॉटगन. भिंतीवर आपटून परतणारे छर्रे. मेलेला राक्षस फुटून त्याच्या काचा उडण्याचं वरदान. म्हणजे एका चापात किती आवाज! आमच्या चाचणीच्या पद्धतीत साधं पिस्तूल धरलं जातं, कारण एका वेळी एकच गोष्ट बघता यावी. पद्धत म्हणून ते बरोबरच आहे. पण या माणसाच्या कानात आमच्या चाचणीपेक्षा फार वेगळं काही चाललं होतं.

डेव्हलपर मेनूतून तीच शस्त्रं घेतली, त्याच मजल्यावर गेले, पडदा आणि आवाज दोन्हींचं रेकॉर्डिंग लावलं आणि खेळले. मागची आली. मला काहीही ऐकू आलं नाही. मेले. पडदा काळा झाला, ठोका पडला, आणि त्याच्याखाली, डाव्या कानात, काहीतरी ओलं घासत जाऊन विरलं.

हेडफोन काढून मी आधी ऑफिसात कुणी खुर्ची सरकवली का ते पाहिलं. मग रेकॉर्डिंग एडिटरमध्ये उघडलं. गोळीबाराची लहर म्हणजे वरपासून खालपर्यंत नुसती भिंत होती. मरणाच्या क्षणी ती भिंत तुटते, आणि तिच्यापुढे एक छोटं, निमुळतं शेपूट दिसत होतं. गुरगुरीची मूळ फाइल मी त्याच्याखाली मांडून सरकवत नेली. शेपूट तिच्या शेवटच्या तुकड्यावर तंतोतंत बसलं. तिथून मागे मोजत गेले तर गुरगुरीची सुरुवात ज्या क्षणाला यायला हवी, त्याच क्षणाची नोंद प्रोग्रामरच्या लॉगमध्ये होती.

म्हणजे आज्ञा गेली होती. आवाज सुरूही झाला होता. पूर्ण वेळ तो चालू होता आणि कुणालाच ऐकू येत नव्हता.

प्रोग्रामरला बोलावलं. त्याने ते शेपूट बघितलं, थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "व्हर्च्युअल झालाय तो. अगं, अख्खा आवाज व्हर्च्युअल झालाय."

आमचा गेम युनिटी या गेम इंजिनवर आहे. युनिटीत एका वेळी खरोखर वाजणाऱ्या आवाजांची मर्यादा, कुणी बदलली नसेल तर, ३२ असते. त्यावरचे आवाज इंजिन टाकून देत नाही, त्यांना व्हर्च्युअल करतं: ते मूकपणे चालू राहतात, त्यांचा काटा पुढे सरकत राहतो, आणि जागा झाली की असतील तिथून ऐकू येऊ लागतात. कार्यालयातल्या पंगतीत ३२ पानं मांडलेली असावीत, उशिरा आलेल्याला कुणीतरी उठल्यावर पान मिळावं, पण तोवर वाढप ताकभातापर्यंत आलेलं असावं, तसं. कोणाला आधी बसवायचं हे ठरवायला प्रत्येक आवाजाला ० ते २५६ असा एक प्राधान्याचा आकडा देता येतो. शून्य सगळ्यात महत्त्वाचा. काही न ठरवल्यास सगळ्यांना १२८. आमच्याकडे सगळे आवाज १२८ वरच होते. आणि प्राधान्य सारखं असलं की ज्याचा आवाज सगळ्यात बारीक, तो बाहेर जातो.

सगळ्यात बारीक होती गुरगुर. भीती वाटावी म्हणून मुद्दाम बारीक ठेवलेली.

खेळाडू मेला की बंदूक थांबते, काचा थांबतात, पानं मोकळी होतात आणि उरलेली गुरगुर बाहेर येते. त्या माणसाने आपल्या दोन वाक्यांत हे सगळं अचूक लिहून पाठवलं होतं.

दुरुस्तीवरून वाद झाला आणि तो त्या दिवसातला सगळ्यात चांगला भाग होता. प्रोग्रामरचा पहिला विचार सरळ होता, ३२ चे ६४ करू. प्रोफायलरवर, म्हणजे गेम चालताना त्याचा भार मोजणाऱ्या साधनावर, बघितलं तर त्या शॉटगनने भरगर्दीत शंभराच्या वर आवाज मागितले जात होते, म्हणजे ६४ सुद्धा पुरणार नव्हते. हातात धरायच्या छोट्या यंत्रांवर प्रोसेसरला तो भार झेपला नसता हे वेगळंच. डिझायनर म्हणाला, मग गुरगुर मोठी करा. त्यावर साउंडवाली खुर्चीतून उठलीच. "मोठ्याने गुरगुरली तर ती मागची राहत नाही, समोरची होते. मग तिला कशाला कोण घाबरेल?" मला तिचं पूर्ण पटलं. मोठा आवाज दचकवतो, आणि दचकून माणूस थकतो. बारीक आवाजाने तो ताठ बसतो, कान टवकारतो, एकेक पाऊल जपून टाकतो. आमच्या खेळाचा जीव त्या ताठ बसण्यात आहे.

हा प्रश्न आमच्यापेक्षा कितीतरी जुना आहे, हे प्रोग्रामरनेच सांगितलं. १९९३ च्या 'डूम'चा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला झाला, तो त्याने कॉलेजात असताना वाचून काढला होता. त्यात एकाच वेळी वाजणाऱ्या आवाजांसाठी मूळ सेटिंग अवघ्या ३ वाहिन्यांचं आहे. म्हणून प्रत्येक आवाजाला महत्त्वाचा आकडा दिलेला आहे, आणि जागा नसली की कमी महत्त्वाच्या आवाजाला हाकलून महत्त्वाचा बसवला जातो. सायबरडेमन आणि स्पायडर मास्टरमाइंड हे दोन मोठे राक्षस तर जागे झाल्यावर कितीही लांब असले तरी पूर्ण आवाजात ओरडतात. कुठल्या आवाजाला आधी जागा द्यायची हे तेव्हाही आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

शेवटी तीन गोष्टी केल्या. गुरगुरीला प्राधान्य शून्य. छर्रे आणि काचांच्या आवाजांना वेगळी मर्यादा. ठरावीक संख्येच्या वर नवा छर्रा वाजला की सगळ्यात जुना बंद होईल. शंभर छर्रे वाजले काय नि आठ, कानाला तो एकच गदारोळ असतो, त्यामुळे बंदुकीचा जोर कमी झाल्यासारखा वाटलाच नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे गुरगुर चालू असेतो बाकीचे आवाज थोडे खाली दाबायचे. नुसतं पान मिळून भागत नव्हतं. एवढ्या गोंगाटात मिळालेला बारीक आवाजही झाकला जातोच.

या तिसऱ्यावर साउंडवालीने संपूर्ण संध्याकाळ घालवली. जास्त दाबलं तर गोळीबार एकदम खोल गेल्यासारखा वाटे, आणि खेळाडू गुरगुर ऐकण्याऐवजी त्या खोल जाण्याचीच वाट बघायला शिकला असता. तिने दाब हलका ठेवला आणि उतार सावकाश केला. मी शेजारी बसून ऐकत होते. तिने डोळे मिटलेले, बोट माऊसच्या चाकावर, एका वेळी अर्धा डेसिबल. कुठे थांबायचं ते तिला आकड्यावरून कळत नव्हतं, मानेवरून कळत होतं, मान किंचित वळली की ती म्हणायची, "इथे."

पडताळणीसाठी मी एक साधी चाचणी ठरवली. प्रोग्रामर खेळणार आणि मी पडद्याकडे पाठ करून, हेडफोन लावून बसणार. डावीकडून ऐकू आलं तर डावा हात वर, उजवीकडून आलं तर उजवा. डिझायनर माझ्यासमोर उभा राहून पडद्यावरचं आणि माझ्या हातांचं टिपणार. जुन्या बिल्डवर, म्हणजे दुरुस्तीआधीच्या आवृत्तीवर, तीच शॉटगन, तोच मजला: माझे हात मांडीवरच, आणि तो मेल्यावर वर जात होते. नव्या बिल्डवर हात वेळेवर वर जाऊ लागले. मध्येच एकदा मी दोन्ही हात वर केले तेव्हा डिझायनरला वाटलं मी थांबायला सांगतेय. पडद्यावर दोन होत्या, दोन बाजूंना.

'पुन्हा घडवता आली नाही' हा शेरा मी खोडला आणि लहरींचं चित्र जोडलं. त्याच आठवड्यात आम्ही बाकीचे इशारे तपासले. छत कोसळण्याआधीची करकर भरगर्दीत अशीच गिळली जात होती, तिलाही जागा राखून दिली. आता आमच्या चाचणीच्या यादीत एक रकाना वाढलाय: जीव वाचवणारा प्रत्येक आवाज सगळ्यात गोंगाटाच्या शस्त्रासोबत ऐकायचा, आणि शस्त्रांची यादी जोडल्याशिवाय अशी कुठलीही तक्रार बंद करायची नाही.

त्या खेळाडूला काय सापडलं ते मी सविस्तर कळवलं, त्याचे मनापासून आभार मानले आणि नवा बिल्ड पाठवला. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. गुरगुर येते, वेळेवर येते. पण कधीकधी, मागची नसतानाही, बंदुकीचा आवाज मध्येच दबल्यासारखा होतो, आणि तेव्हा आपण कारण नसताना मागे वळतो.

मी लॉग पाहिले. शेजारच्या बंद खोलीत, भिंतीपलीकडे, एक मागची जागी होत होती. तिचा रस्ता बंद होता, पण तिची गुरगुर धरून दाब लागू होत होता. नवी तक्रार मी ट्रॅकरवर नोंदवली. प्रोग्रामर म्हणाला, भिंतीपलीकडची वगळून टाकतो, पाच मिनिटांचं काम आहे. साउंडवालीने त्याला थांबवलं. तिला ते तसंच ठेवायचंय, फक्त आणखी हलकं करून. डिझायनर तिच्या बाजूने आहे, मी नाही. ती तक्रार अजून उघडी आहे.