स्टेम सेल घेऊन टाकू का, डॉक्टर?

सोलापूरच्या पूर्व भागात माझा दवाखाना. बीपी बघून झालं की साठी उलटलेले पेशंट मोबाइल पुढे करतात, "म्हातारपण थांबवणारं हे स्टेम सेलचं इंजेक्शन घेऊन टाकू का ओ?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी, ज्यांपासून शरीरातल्या इतर पेशी तयार होऊ शकतात. त्यांवर संशोधन खरंच चालू आहे. मायामी विद्यापीठाच्या गटानं वयामुळे खंगलेल्या ३० जणांवरची चाचणी २०१७ साली प्रसिद्ध केली. दुसऱ्या निरोगी माणसांच्या अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, स्टेम सेल शिरेतून दिल्या. काहींना १० कोटी, काहींना २० कोटी आणि काहींना पेशी नसलेलं नुसतं द्रावण. कुणाला काय मिळालं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि मोजलं काय? सुरकुत्या नव्हे, सहा मिनिटांत माणूस किती चालतो ते. १० कोटीवाले सुधारले, २० कोटीवाल्यांत तशी सुधारणा दिसली नाही! हे कोडं तीस माणसांत सुटणारं नाही. शिवाय या पेशींचा नवा गुडघा किंवा नवं हृदय होत नाही. बहुतेक फुप्फुसात अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. त्यांतून स्रवणाऱ्या द्रव्यांनी दाह कमी होत असावा, असा कयास आहे.

आमच्याकडे घरोघरी विड्या वळतात, म्हणून हेही सांगतो. तंबाखू ओढणाऱ्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या बंद करणाऱ्या बर्जर रोगावर बेंगळुरूत तयार झालेल्या एका स्टेम सेल औषधाला आपल्या औषध नियंत्रकांची मान्यता आहे. म्हातारपणावर अशी मान्यता कुठल्याच इंजेक्शनला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मान्य उपचार सोडून बाकी सगळं फक्त चाचणीतच द्यायचं, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत.

पैशांचा मुद्दा मी मुद्दाम धरतो. अमेरिकेत फ्लोरिडात वयोमानानं नजर मंदावलेल्या तीन बायकांनी प्रत्येकी ५,००० डॉलर भरून, पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या. होती तीही नजर बरीचशी गेली. आपण संशोधनात भाग घेतोय, असं त्यांतल्या काहींना वाटत होतं.

मी स्वतः घेईन का? नोंदणी झालेली चाचणी असेल, एथिक्स कमिटीची, म्हणजे चाचणी पेशंटच्या हिताची आहे ना हे तपासणाऱ्या समितीची, परवानगी असेल, एक रुपयाही मागत नसतील, तर घेईन. वाट्याला नुसतं सलाइन आलं तरी कुरकुर करणार नाही. पॅकेजचा भाव सांगणाऱ्याकडून नाही.